पेरोलवाल्या (म्हणजे आमच्या पगाराचा हिशोब बघणाऱ्या) काकांस

काका, सा. न. वि. वि.

जादा पीएफचं गणित दाखवलंत, त्याबद्दल समोर येऊन आभार मानायला गेले असते तर "बरं बरं, जा, कामं पडलीयेत" म्हणत तुम्ही पुन्हा एक्सेलमध्ये डोकं घातलं असतं. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता पळायला जागा नाही.

मी कमवायला लागल्यापासून माझ्या म्हातारपणाची काळजी वाहणाऱ्यांची कधी कमतरता नव्हती. पहिल्या कंपनीत रुजू होण्याच्या दिवशी एचआरने पीएफची एक स्लाइड दाखवली. ती वाचून होईपर्यंत पुढची आली, आणि शंका विचारली तर उत्तर ठरलेलं: "पोर्टलवर सगळं आहे." नात्यातले एक गृहस्थ कॅलेंडर आणि पॉलिसीचा फॉर्म घेऊन घरी आले, दोन वेळा पोहे घेतले आणि म्हणाले, "तू फक्त सही कर." वर्षाला नक्की किती टक्के पडतात, असं विचारल्यावर त्यांना एकदम माझ्या लग्नाची आठवण झाली. बँकेतल्या एका बाईंचे फोन तर मार्च आला की सुरूच. या सगळ्यांचं माझ्या सहीत काही ना काही अडकलेलं होतं. तुमचं काहीच नव्हतं.

मी खाली तुमच्याकडे आले होते, नोंदीतला पत्ता बदलायचा म्हणून. तुम्ही वय विचारलंत. अठ्ठावीस म्हटल्यावर "व्हीपीएफ किती कापतो आपण तुझा?" म्हणजे ठरलेल्या पीएफच्या वर आपल्या मर्जीने कापून घ्यायची जादा रक्कम. माझा चेहरा बघून तुम्ही भाषण सुरू केलं नाहीत, हे आधी नमूद करते. खुर्ची ओढून दिलीत, आणि स्वतःचं पीएफचं पासबुक उघडून स्क्रीन माझ्याकडे फिरवलीत.

काका, पुणेरी माणूस कात्रजपासून कोथरूडपर्यंत कुठलाही सल्ला फुकट देईल, पण स्वतःचा पगार सख्ख्या भावाला सांगणार नाही. तुम्ही बेसिकपासून शिल्लकीपर्यंत सगळं उघडं ठेवलंत, एकही ओळ हाताने झाकली नाहीत. बोट ठेवून दाखवलंत: "हे आपले बारा टक्के. कंपनीच्या बाराचा मोठा वाटा पेन्शनला जातो, पण तोही पगार जास्तीत जास्त पंधरा हजार धरून. आणि इथून पुढे मी जास्तीचे कापायला लागलो. चाळिशीत." मग चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, "मला कुणी दाखवलंच नाही गं." बस, एवढंच. मला त्या एका वाक्याने जे कळलं ते दहा स्लाइडींनी कळलं नसतं.

नंतर पाठकोऱ्या कागदावर तुम्ही मांडलेला हिशोब मी घरी पुन्हा करून पाहिला. महिना दोन हजार जादा कापले, सध्याचा ८.२५ टक्के दर तसाच राहिला असं धरलं, तर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंतच्या तीस वर्षांत साधारण साडेएकोणतीस लाख. त्यात माझ्या खिशातले फक्त सात लाख वीस हजार. तेच अडतिसाव्या वर्षी सुरू केलं तर पावणेबारा लाखांच्या आत. व्याजदर सरकार दरवर्षी ठरवतं, तो खाली-वर होणार, कंपनी या जादा कपातीत एक पैसाही घालत नाही, पाच वर्षं सलग नोकरी व्हायच्या आत पैसे काढले तर कर लागतो, हेही तुम्हीच सांगितलंत. विकायला बसलेला माणूस हे कधी सांगत नाही. स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांच्या वर गेली की वरच्या रकमेच्या व्याजावर कर, हे सांगताना मात्र तुम्ही हसलात: "तुझ्या पगाराला ती चिंता इतक्यात नको."

आणि ती युक्ती! "इन्क्रिमेंटचं पत्र हातात पडायच्या आधी आकडा कळव. जे पैसे खात्यात आलेच नाहीत ते कमी झाले असं वाटत नाही." पुढे वाचनात आलं की २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर हेच सांगतात: बचत वाढवायचा शब्द आज घ्या, कपात पुढच्या पगारवाढीपासून करा. तुम्ही ते तळमजल्यावर, चहा गार होत असताना सांगितलंत.

पुणं म्हणजे पेन्शनरांचं गाव, असं आपण अजून कौतुकाने म्हणतो. सारसबागेत सकाळी फिरणारे आजोबा सरकारी नोकरीतले, बँकेतले. त्यांचं पेन्शन महागाईबरोबर थोडं थोडं सरकतं. आमच्या खाजगी नोकरीत, पेन्शनसाठी धरायच्या पगाराची पंधरा हजारांची मर्यादा आहे तशी राहिली, तर तीस वर्षं घासूनही पेन्शन महिना सात हजारांच्या आत. खराडीत आज तेवढ्यात एक खोलीही धड मिळत नाही. हे पंचविशीतल्या पोरांना सांगणं कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. तुमच्याही नव्हतं. पोस्टात म्हाताऱ्या बाईचा फॉर्म भरून देणारा क्लार्क असतो, शेवटच्या पीएमपी बसला धावत येणाऱ्यासाठी घंटी न मारणारा कंडक्टर असतो, त्या जातकुळीतले तुम्ही. अशा माणसांना कुठलं ॲवॉर्ड मिळत नाही, आमच्या ऑफिसात तर ते दरवर्षी सेल्सलाच जातं.

या एप्रिलपासून मी दोनाचे तीन हजार केलेत. आमच्या टीममधली दोन नवी पोरं पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतील. त्यातला एक म्हणतो, साठीला अजून खूप वेळ आहे आणि त्याचं सगळं क्रिप्टोत आहे. त्याच्याशी जरा सबुरीने घ्या. आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिच्या मते उरलेल्या पैशाचं सोनंच घ्यावं. तो वाद मी निस्तरेन, पण गरज पडली तर तिला घेऊन खाली येईन, आणि तेव्हा चहा माझ्याकडून.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची, पत्ता बदलायला आलेली