टेप हातात देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

पुण्यात घरोघरी जाऊन हातापायाच्या सुजेच्या पेशंटना हवेनं दाब देऊन सूज उतरवणारा पंप लावणारे आम्ही काही फिजिओथेरपिस्ट आणि आपल्या माणसाला रोज स्वतःच्या हातानं पंप लावणारी घरची मंडळी, असे सगळे मिळून हे पत्र लिहितोय. तुमचे आभार मानायचे आहेतच. पण तुम्ही शिकवलेलं आणखी चार घरांत पोचावं म्हणून पत्र उघडं ठेवलंय. सदाशिव पेठेतल्या दुकानातून हवेचा पंप घरी आणणं आता अवघड राहिलेलं नाही. तो कुणाला लावायचा, किती दाबानं लावायचा आणि कधी हात आखडता घ्यायचा, हे मात्र खोक्यासोबत येत नाही. ते तुम्ही दिलंत.

तेही मशीन दाखवायच्या आधी टेप हातात देऊन.

शिंप्याची कापडी टेप वापरानं ताणली जाते आणि महिन्याभरात आकडे खोटे पडायला लागतात, म्हणून फायबरग्लासची टेप घ्या, असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. हात असेल तर मनगटाच्या हाडापासून आणि पाय असेल तर घोट्याच्या हाडापासून वर दर 4 सेंटीमीटरवर पेनानं खूण करायची आणि प्रत्येक खुणेवर घेर घ्यायचा. टेप कातडीला टेकली पाहिजे, पण रुतता कामा नये. वेळ रोज तीच, बसण्याची रीत तीच आणि शक्यतो मोजणारा माणूसही तोच. दुसऱ्या, बऱ्या हातापायाचंही माप घ्यायचं, नाहीतर सूज म्हणायची ती कशाच्या मानानं?

दोन घेरांवरून मधल्या तुकड्याचं आकारमान काढायची युक्ती तर आम्ही सगळ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवलीय. दोन्ही घेरांचे वर्ग आणि दोन्हींचा गुणाकार यांची बेरीज करायची, तिला 4 नं गुणायचं आणि 37.7 नं भागायचं. खालचा घेर 20 आणि वरचा 22 सेंटीमीटर असेल तर तुकडा साधारण 140 मिलीलीटरचा. असे सगळे तुकडे मिळवले की अख्ख्या हाताचा हिशोब लागतो. दोन हातांच्या घेरात कुठेही 2 सेंटीमीटरचा किंवा एकूण आकारमानात 10 टक्क्यांचा फरक दिसला तर सूज खरी धरायची. "बरं वाटतंय का हो?" या प्रश्नाला पेशंट आपल्याकडे बघून उत्तर देतो, टेप कुणाकडे बघत नाही, हे तुमचं वाक्य अजून कानात आहे.

पंप काय करतो आणि काय करत नाही, हेही तुम्ही अगदी सरळ सांगितलंत. तीन, आठ किंवा बारा कप्प्यांची बाही. बोटांकडचा कप्पा आधी फुगतो, मग त्याच्या वरचा, असं करत खांद्यापर्यंत किंवा जांघेपर्यंत. मग सगळी हवा सुटते, थोडी विश्रांती आणि पुन्हा पहिल्यापासून. या लाटेनं पाणी वर सरकतं. सुजेच्या पाण्यात साठलेलं प्रथिन मात्र पंपानं तितकंसं हलत नाही. ते मागं राहतं आणि पाण्याला परत ओढून घेतं. म्हणून पंप काढल्यावर पट्टी किंवा घट्ट मोजा चढवला नाही, तर दुपारी उतरलेला पाय रात्रीपर्यंत होता तसा होतो. मग मशीन कुचकामी म्हणून माळ्यावर जातं. त्यात मशीनचा काही दोष नसतो.

दाबाच्या बाबतीत तुम्ही आमचा हात धरलात, त्याबद्दल विशेष आभार. हाताला 30 ते 40, पायाला 40 ते 50 मिलीमीटर पारा इथून सुरुवात, वेळ 45 मिनिटं ते एक तास, आणि घरच्या घरी 60 च्या वर जायचं नाही. लसिकावाहिन्या, म्हणजे सुजेचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, कातडीच्या अगदी खाली असतात आणि नाजूक असतात. त्या जोरानं चेपल्या की वाट मोकळी व्हायच्या ऐवजी बंद होते. जुन्या, कडक झालेल्या पायासाठी काही तज्ज्ञ जास्त दाब वापरतात, पण तो निर्णय त्यांचा, आणि त्यांच्या नजरेखालीच. डिस्प्लेवरचा आकडा आणि कातडीवरचा दाब एकच असेल असंही नाही. बाही आधीच आवळून बसवली तर तो जास्तीचा दाब कुठल्याच डिस्प्लेवर दिसत नाही. म्हणून रिकामी बाही चढवल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. उलट बारीक हाताला मोठी बाही घातली तर कप्पे नुसतेच हवेत फुगतात आणि हातापर्यंत दाब पोचतच नाही.

पंप कुणाला लावायचा नाही, यावर तुम्ही पूर्ण एक दुपार घालवलीत. आज मागं वळून पाहताना वाटतं, तीच दुपार सगळ्यात मोलाची.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखतेय, तर आधी डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. शिरेत ताजी गुठळी असेल आणि वरून पंप चालवला, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. दोन्ही पाय सारखेच सुजलेत तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांची चौकशी आणि गोळ्यांच्या डब्यावर नजर. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिननंही पाय सुजतात आणि ती सूज पंपानं जात नाही. हृदय कमजोर असताना पायातलं पाणी एकदम रक्तात ढकललं तर दम लागतो. म्हणून तुम्ही प्रत्येक पेशंटला विचारायला लावलंत, "आजी, रात्री किती उशा घेता?" उशा एकाच्या तीन झाल्या असतील, म्हणजे आडवं पडल्यावर दम लागत असेल, तर पंप बाजूला ठेवायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा.

मधुमेह असेल तर पायाच्या रोहिण्या आधी तपासायच्या. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, हा आकडा 0.5 च्या खाली असेल तर पंप नाही. 0.5 ते 0.8 च्या मध्ये असेल तर रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हात लावायचा नाही. मधुमेहात रोहिण्या चुनखडीसारख्या कडक होतात आणि हा आकडा खोटाच मोठा येतो. 1.3 च्या वर दिसला तर खूश न होता पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजून घ्यायचा, हे आम्हाला आमच्या पुस्तकांपेक्षा तुम्ही नीट समजावलंत. अशा पायाला चिमटा बसला तरी कळत नाही. म्हणून दर 15 मिनिटांनी बाही उघडून बोटांचा रंग बघायचा.

पाय लाल झाला, गरम लागतोय, थंडी वाजून ताप आला, तर पंप बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. जंतुसंसर्ग पूर्ण बसल्याशिवाय पुन्हा सुरू करायचं नाही. इथे हत्तीरोगाच्या पेशंटबद्दल तुम्ही जो आग्रह धरलात तो लिहिलाच पाहिजे. गडचिरोली, चंद्रपूरकडून पुण्यात कामाला आलेल्या माणसांत असे पाय दिसतात. त्यांच्या बेचक्यांत चिखल्या असतील तर पहिले काही दिवस पंपाचं नावही काढायचं नाही. साबण-पाण्यानं पाय धुवायचा, प्रत्येक बेचकी मऊ फडक्यानं टिपून कोरडी करायची, बुरशीचं मलम लावायचं. जंतू तिथूनच आत शिरतात, आणि तापाचा प्रत्येक झटका सूज आणखी एक पायरी वर नेऊन ठेवतो. पावसाळ्यात तर हे सगळ्यांनाच लागू.

आता रोजचा क्रम. तुम्ही हातावर हात ठेवून शिकवलात, तसाच इथे देतो. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, जोडवी सगळं काढायचं. जोडवी निघत नसतील तर साबण लावून, तरीही नाही निघाली तर सोनाराकडून कापून घ्यायची, पण ती असताना पंप नाही. पाच ते दहा वेळा पोटापासून खोल श्वास. मग गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्यात हलक्या हातानं गोल फिरवायचं, कातडी नुसती सरकेल इतकंच, आणि नंतर दुसऱ्या बाजूच्या काखेत किंवा जांघेत. वरची वाट मोकळी नसताना खालून पाणी ढकललं तर ते जाणार कुठे? मग सुती नळीदार कापड, सुरकुती न ठेवता. बाहीची शिवण कातडीवर उमटता कामा नये. पंपाआधी तेल लावायचं नाही, ते बाहीच्या अस्तरात मुरतं आणि वास धरतं. पेशंटला आडवं झोपवून हातापायाखाली उशी द्यायची आणि मगच बटण दाबायचं.

त्या बटणाआधीची तुमची एक सवय आता आम्हा सगळ्यांची झालीय. बाहीत आधी स्वतःचा हात घालायचा आणि डोळे मिटून बघायचं, पहिली मिठी बोटांना बसतेय ना? नळ्यांचा जोड उलटा बसला तर खांद्याकडचा कप्पा आधी फुगतो आणि पाणी उलट पंजात उतरतं. तासाभरानं पंजा फुगलेला दिसला की घरचे घाबरतात आणि दाब वाढवतात. जोड फिरवून बसवला की काम होतं.

एखादा कप्पा फुगतच नसेल तर तुमची अदलाबदलीची युक्ती. त्याची नळी शेजारच्या कप्प्याला लावायची. आता शेजारचा कप्पा फुगला नाही तर दोष नळीत किंवा पंपात. तोच जुना कप्पा न फुगता राहिला तर बाहीत भोक. मग बाही फुगवून साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे येतील तिथे ठिगळ. मशीन खाटेखाली जमिनीवर ठेवलं तर धूळ ओढतं आणि वाल्व्ह अडकतो, म्हणून ते स्टुलावर. मध्येच वीज गेली आणि हवा आत अडकली तर आधी नळ्या काढायच्या. फुगलेल्या बाहीची चेन ओढली की चेन फाटते, आणि मग अख्खी बाहीच टाकून द्यावी लागते.

पंप झाल्यावर पाय खाली सोडायच्या आत पट्टी बांधायची. तुम्ही क्रेप बँडेजवर फुली मारलीत तेव्हा बऱ्याच जणांना वाईट वाटलं होतं, घरात तेच होतं ना! पण क्रेप जास्त ताणतं आणि चालताना स्नायूला टेकू देत नाही, काही तासांत ढिलंही पडतं. कमी ताणली जाणारी पट्टी पाहिजे. पावलाला 8, पोटरीला 10 आणि मांडीला 12 सेंटीमीटर रुंद, खाली मऊ कापूस किंवा फोम, आणि प्रत्येक फेरा आधीच्या निम्म्यावर. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडायची. सूज स्थिर झाली की मापाचा घट्ट पायमोजा घालायचा, तोही साधारण सहा महिन्यांनी नवा.

आणि पुन्हा टेप. पंपाआधी, पंपानंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तीन आकडे. पंपानंतर उतरलं पण सकाळी परत चढलं असेल तर पंप ठीक आहे, पट्टी चुकतेय. पंपानंतरही उतरत नसेल तर सुजेवर आपला अंगठा दाबून मनात दहापर्यंत मोजायचं. खड्डा पडत नाही, म्हणजे आता पाणी थोडं आणि कडक थर जास्त. अशा पायाला पंपापेक्षा पट्टी आणि व्यायाम जास्त दिवस द्यावे लागतात.

चौथं माप बहुतेक जण विसरतात, ते तुम्ही कधी विसरू दिलं नाहीत. हाताचा पंप असेल तर छाती आणि पाठीकडे बघायचं. ब्राच्या पट्टीचा वळ आधीपेक्षा खोल उमटतोय का? पायाचा असेल तर बेंबीच्या रेषेतला घेर. पाय छान बारीक होतो आणि पाणी ओटीपोटात, जननेंद्रियांत जाऊन बसतं. पेशंट लाजेनं सांगत नाही. तुम्ही दार लावून, बाजूला बसून हळूच विचारायचात, "लघवीला बसताना जड वाटतं का गं?" हो म्हणाली की पंप थांबवायचा, आधी हातानं वरच्या वाटा मोकळ्या करायच्या आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही. या एका प्रश्नानं किती बायकांचा पुढचा त्रास वाचला असेल!

ताई, तुम्ही दिलेल्या तक्त्यात सकाळ, पंपाआधी, पंपानंतर असे तीन रकाने होते. आम्ही त्यात चौथा, बेंबीच्या घेराचा, कायमचा छापून घेतलाय. नवे तक्ते तयार आहेत, दोनशे प्रती. पहिली प्रत तुमच्याकडे घेऊन येतोय. काही चुकलं असेल तर लाल पेनानं खूण करून ठेवा.

तुमचे,
पुण्यातले टेपवाले