कृष्णेत परदेशी पाहुणे पोहणार : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या गडबडीत हे पत्र मागे पडले, क्षमा असावी. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आपले मंडळ सांगलीत, कृष्णेच्या पात्रात, 10 किलोमीटर पोहण्याची आंतरराष्ट्रीय निमंत्रितांची स्पर्धा घेत आहे. "झेपेल का?" असे परवा एका जुन्या सभासदांनीच विचारले. झेपवायचे आहे, म्हणून तर लिहितो आहे.

याच जिल्ह्यातल्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्ण मिळवून दिले. आपली पोरे सरकारी घाटावर पाठीला डबा बांधून शिकली, आयर्विन पुलाखाली मुटके (अंग आखडून पाण्यात उड्या) मारून मोठी झाली. 2019 च्या महापुरात होड्यांतून माणसे बाहेर काढायला हीच पोरे पुढे होती, हे तुम्ही विसरला नसालच.

मार्केट यार्डातल्या आपल्या हळदवाल्या अण्णांचे ऋण कसे फेडावे? दोरखंड, हवेच्या ट्यूब, पहिल्या स्पर्धेचे ढाल-करंडक, सगळे त्यांचे. "नाव छापलेत तर पुढच्या वर्षी दमडी मिळणार नाही" असा दम असल्याने नाव देत नाही. तुम्हाला ते माहीत आहेच. गावभागातल्या काकू दरवर्षी पहाटे पाचला सुंठीचा चहा आणि शेंगदाण्याचे लाडू घेऊन घाटावर हजर. गेल्या वर्षी हात प्लास्टरमध्ये, तरी सुनेच्या मागे लागून लाडू वळून घेतले!

आणि प्रेक्षक? गेल्या वर्षी घाटावर पंच जास्त, प्रेक्षक कमी. होड्यांच्या शर्यतीला काठावर पाय ठेवायला जागा नसते, पोहणाऱ्या पोरांना मात्र टाळी मिळत नाही. एका ठिकाणी आमचे मदतीचे पत्र तीनदा देऊनही "मिळालेच नाही". असो.

यंदा घरचा मामला नाही, नियम आंतरराष्ट्रीय. मार्गावर कुठेही पाणी 1.40 मीटरपेक्षा उथळ चालत नाही, तापमान 16 ते 31 अंशांत लागते, पाण्याच्या शुद्धतेचा दाखला लागतो. 2024 मध्ये सीन नदीच्या दूषित पाण्यापायी पॅरिससारख्या शहराला ऑलिंपिकमधली ट्रायथलॉनची (पोहणे, सायकल, धावणे) शर्यत पुढे ढकलावी लागली. आपल्याकडे तर गावाचे सांडपाणी कृष्णेत आणणारा शेरीनाला आहे. म्हणून मार्ग नाल्याच्या वरच्या अंगाला, फेऱ्यांचा आखतो आहोत. मगरींचा विषय प्रत्येक बैठकीत निघतो. वन विभागाची पाहणी झाल्याशिवाय मार्ग पक्का होणार नाही, तेव्हा तो प्रश्न आता पुन्हा विचारू नये.

आता कामाचे. हवे ते असे : मनगटावर बांधायच्या वेळमापक चिपांचे भाडे (सर्वात मोठा खर्च हाच), मार्ग दाखवणारे नारिंगी बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा), इंजिनाच्या होड्या चालकांसह, दोन डॉक्टर, रुग्णवाहिका, पाहुण्यांसाठी घरगुती मुक्काम (तिखट बेताने), इंग्रजी बोलणारी कॉलेजची मुले, आणि पोहणाऱ्याला पाण्यातच पेय देण्यासाठी बांबू. बांबू पाच मीटरपेक्षा लांब नको, तसा नियम आहे. देणगी 101 रुपयांपासून कितीही, पावती घेतल्याशिवाय देऊ नये. कार्यालय संध्याकाळी सहा ते आठ, सोमवारी बंद. 15 डिसेंबरच्या आत कळवावे. त्यानंतर आलेल्या बोयांचा उपयोग नाही. बांबू आणणाऱ्यांनी आधी सांगून यावे, मागच्या खेपेला दोन दिवस शेजाऱ्यांचे दार अडले होते.

आपला,
सचिव