‘विश्वास कमी पडला’ असे आजारी माणसाला म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रद्धा आणि मानसोपचार यांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. माणूस एक तर प्रार्थनेकडे वळतो किंवा समुपदेशकाकडे, असा त्याचा एकूण सूर होता. तो मला मान्य नाही.

मी ख्रिस्ती आहे आणि नैराश्यावर उपचारही घेतले आहेत. त्या दिवसांत सर्वांत जास्त लागले ते आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांचे वाक्य : ‘तुमचा विश्वास कमी पडतोय.’ त्यांच्या मनात वाईट नव्हते. पण रात्र रात्र झोप नसलेल्या माणसाला हे ऐकवणे म्हणजे आजाराच्या जोडीला अपराधीपणही देणे.

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, असे बोलत नाही. एलीया संदेष्टा (बायबलमधील ‘1 राजे’ हे पुस्तक, अध्याय 19) जीव मुठीत धरून रानात पळतो, एका झुडपाखाली बसून मरण मागतो आणि तिथेच झोपी जातो. त्याच्या विश्वासाची झडती कोणी घेत नाही. देवदूत त्याला हात लावून म्हणतो, ‘ऊठ, खा.’ उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी असते. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेही खाऊ घालायलाच. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न येतो तो पुष्कळ नंतर, होरेब डोंगरावर. माझ्या डॉक्टरांनीही हाच क्रम धरला होता : आधी झोप आणि जेवण, मग बोलणे. बायबलमधले 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरी ते प्रार्थना म्हणूनच जपले गेले.

शंका म्हणजे पाप नव्हे आणि आजार म्हणजे देवाची शिक्षा नव्हे, हे मला प्रागतिक, म्हणजे प्रश्न विचारायला मोकळीक देणाऱ्या, ख्रिस्ती विचारातून उमगले. मानसशास्त्राचा अनुभवही तोच आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संकटात लोक श्रद्धेचा आधार कसा घेतात, याचा अभ्यास केला. देव सोबत आहे असे मानणाऱ्यांना बळ मिळते. देव शिक्षा देतोय किंवा त्याने टाकून दिले आहे असे मानणाऱ्यांमध्ये मनाचा त्रास जास्त आढळतो. म्हणजे नुसती श्रद्धा आहे की नाही एवढे विचारून भागत नाही, मनात देव कसा आहे हेही विचारावे लागते. समुपदेशकांनी हा प्रश्न टाळू नये.

आणि पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, ऐकून घ्यायला शिकावे. हे काही नवे खूळ नाही. अँटन बॉयसेन हे अमेरिकी पाळक 1920 मध्ये स्वतः मनोरुग्णालयात दाखल होते. बरे झाल्यावर 1925 मध्ये त्यांनी वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसवले, पुस्तकांइतकेच या माणसांकडूनही शिका म्हणून. त्यातूनच पुढे पाळकांच्या रुग्णालयीन प्रशिक्षणाची पद्धत उभी राहिली. पाळकाचे काम औषध देण्याचे नाही. पण आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे न सोडता डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे त्याला जमलेच पाहिजे.

लेखाची पुढची बाजू म्हणून, मानसोपचारतज्ज्ञांबरोबर काम करणाऱ्या पाळकांच्या मुलाखती आपण छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक वाचक