बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बिल क्रमांक दुबार पडणे व साठा चुकणे : तक्रार

प्रति,
तांत्रिक सेवा प्रमुख,
बिलिंग सॉफ्टवेअर विभाग

विषय : अनेक काउंटर एकदम चालू असताना येणाऱ्या चुका व त्यांच्या दुरुस्तीची मागणी

महोदय,

आपले जावावर चालणारे बिलिंग सॉफ्टवेअर आम्ही औषधांच्या घाऊक विक्रीसाठी वापरतो. गर्दीच्या वेळी दोन वेगळ्या ग्राहकांच्या बिलांवर एकच क्रमांक येतो. केंद्रीय जीएसटी नियम ४६ नुसार आर्थिक वर्षात बिल क्रमांक सलग हवा आणि तो पुन्हा येता कामा नये. ई-इन्व्हॉइसचा आयआरएन (बिलाचा ओळख क्रमांक) विक्रेत्याचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक यांवरून बनतो. त्यात ग्राहकाचे नाव नसते, त्यामुळे दुसरे बिल पोर्टल दुबार म्हणून नाकारते. माल निघून गेलेला असतो आणि बिल अडकते.

हेल्पडेस्कने ‘नेटवर्क तपासा, रॅम वाढवा’ असे कळवून तक्रार बंद केली. दोष तिथे नाही. परवान्यासोबत मिळालेल्या सोर्स कोडमध्ये शेवटचा क्रमांक एका स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये (सगळ्या काउंटरांच्या सामाईक जागेत) ठेवून त्यात एक मिळवला आहे. ओळ एकच असली तरी कामे तीन आहेत: वाचणे, मिळवणे, परत लिहिणे. एका थ्रेडने (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकाने) ४८१७ वाचले आणि त्याने ४८१८ लिहिण्याआधी दुसऱ्यानेही ४८१७ वाचले, की दोन्ही बिलांना ४८१८ मिळतो.

मागच्या अपडेटमध्ये आपण त्या व्हेरिएबलला व्होलाटाइल लावले. त्यामुळे एका थ्रेडने लिहिलेले दुसऱ्याला दिसते, पण वाचणे आणि लिहिणे यांच्या मध्ये शिरणारा थ्रेड थांबत नाही. अ‍ॅटॉमिकलाँग (ही तिन्ही कामे अखंड करणारा जावाचा वर्ग) एका जेव्हीएमपुरते, म्हणजे जावाच्या एका चालू प्रक्रियेपुरते, चालेल. उद्या दुसरा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर जोडला की पुन्हा तेच. डेटाबेसचा सीक्वेन्सही (आपोआप वाढणारा क्रमांक) इथे नको, कारण ट्रान्झॅक्शन रोलबॅक (रद्द) झाले तरी घेतलेला क्रमांक परत येत नाही आणि मालिकेत खंड पडतो. प्रत्येक मालिकेसाठी टेबलमध्ये एक ओळ ठेवा आणि बिल जतन होते त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती वाढवून क्रमांक घ्या. कमिट होईपर्यंत (ट्रान्झॅक्शन पक्के होईपर्यंत) ती ओळ लॉक राहते, म्हणून हे काम अगदी शेवटी करा, छपाई कमिटनंतर. आर्थिक वर्ष आणि क्रमांक यांवर युनिक इंडेक्स (दुबार नोंद नाकारणारी सोय) हवाच.

साठ्याचा दोष त्याच जातीचा आहे. कोड हॅशमॅपमधून (मेमरीतल्या तक्त्यातून) शिल्लक वाचतो, पुरेशी आहे का पाहतो आणि नंतर वजाबाकी करून लिहितो. बॅचमध्ये ६० स्ट्रिप असताना एका काउंटरने ४० आणि दुसऱ्याने ३० मागितल्या, तर दोन्ही मागण्या मंजूर होतात. ७० विकून शिल्लक २० किंवा ३० दिसते, ज्याने शेवटी लिहिले त्याप्रमाणे. नुसता कॉन्करंटहॅशमॅप (त्याचाच अनेक थ्रेडसाठीचा प्रकार) लावून हे सुटणार नाही. वाचणे व लिहिणे वेगवेगळे सुरक्षित होतील, त्यांच्यामधली फट तशीच राहील. ‘शिल्लक किमान ४० असेल तरच ४० वजा कर’ असे डेटाबेसला एकच अपडेट विधान द्या आणि एकही ओळ बदलली नाही तर ‘साठा अपुरा’ दाखवा. एका बिलात अनेक बॅच असतील तर सगळीकडे बॅच कोडच्या एकाच क्रमाने अपडेट करा, नाहीतर दोन बिले एकमेकांच्या लॉकवर अडकून डेडलॉक होईल.

सर्वांत गंभीर बाब मुदतीच्या तारखेची. सिम्पलडेटफॉरमॅट या तारखेची मांडणी करणाऱ्या जावाच्या वर्गाचा एकच स्टॅटिक ऑब्जेक्ट सगळे थ्रेड वापरतात. त्याच्या आतला कॅलेंडर प्रत्येक वापरात बदलतो, त्यामुळे एका बॅचची तारीख दुसऱ्या बॅचवर छापली जाऊ शकते. औषधाच्या बाबतीत हे आम्हाला अजिबात चालणार नाही. हा वर्ग थ्रेडसेफ (अनेक थ्रेडनी एकदम वापरायला सुरक्षित) नाही, हे जावाच्या अधिकृत दस्तऐवजातच नमूद आहे. जावा ८ पासून उपलब्ध असलेला डेटटाइमफॉरमॅटर वापरा.

‘तूर्त एकच काउंटर चालवा’ हा आपला सल्ला आम्हाला मान्य नाही. दुरुस्तीनंतर ५० थ्रेड काउंटडाउनलॅचने (सगळ्यांना एका क्षणी सुरू करणाऱ्या जावाच्या साधनाने) एकदम सोडून प्रत्येकी १,००० बिले करा. वेगळे क्रमांक बरोबर ५०,००० भरले पाहिजेत, मालिकेत खंड नको आणि साठ्याची बेरीज जुळली पाहिजे. हीच चाचणी दोन सर्व्हरवर करून अहवाल १५ दिवसांत पाठवावा. तोपर्यंत वार्षिक देखभाल शुल्काचा पुढील हप्ता आम्ही रोखून ठेवत आहोत.

आपले,
माहिती तंत्रज्ञान विभाग

सोबत : दुबार क्रमांकांची यादी, पोर्टलच्या नकाराच्या नोंदी, गर्दीच्या वेळचे थ्रेड डंप (कोणता थ्रेड काय करत होता याच्या नोंदी)