देवगडच्या सड्यावरच्या गुराखी काकांना
ऑगस्टमध्ये नागपूरहून सीतेची आसवं ही पावसाळी रानफुलं पाहायला आलेल्या आमच्या गटातल्या ताईंचा पाय सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर मुरगळला, कड्यापासून जेमतेम दहा हातांवर. ओल्या जांभ्यावर शेवाळाची साय धरते. आमच्याकडच्या काळ्या दगडावर चालायची सवय तिथे कामी येत नाही.

काका, तुम्ही आधी सगळ्यांना मागे घेतलंत. खालचा मऊ थर लाटांनी खाल्ला की जांभ्याची कड नुसती अधांतरी राहते, हे तुम्हीच दाखवलंत. बूट काढू दिला नाहीत. काढला असता तर सुजेमुळे परत चढला नसता. बुटावरूनच पंचा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा गुंडाळलात, मग दोनदा विचारलंत, "बोटां बधिर नाय ना?"

इरलं ताईंवर घातलंत आणि स्वतः रस्त्यापर्यंत भिजत आलात. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. मनापासून आभार, काका. पंचा धुऊन ठेवलाय.