बोटे जमिनीला टेकणे म्हणजे लवचीक कंबर नव्हे

महोदय,

कंबरदुखीच्या तपासणी शिबिरांत रुग्णाला पुढे वाकायला सांगतात आणि बोटे जमिनीपासून किती वर राहिली एवढ्यावरूनच कंबर ‘आखडली’ की ‘मोकळी’ हे ठरवून टाकतात. फिजिओथेरपिस्ट म्हणून २२ वर्षे काम करताना या घाईचे परिणाम मी पाहिले आहेत, म्हणून हे पत्र.

वाकताना कंबरेच्या मणक्यांइतकेच काम खुब्याचे सांधे आणि मांडीमागचे स्नायू करत असतात. अशाच एका शिबिरातून ‘कंबर उत्तम’ असा शेरा घेऊन आलेला २६ वर्षांचा तरुण माझ्यासमोर सहज तळवे जमिनीला टेकवत होता. तो उभा असताना, पाठीच्या तळाशी दिसणाऱ्या दोन खळ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यापासून १० सेंटीमीटर वर आणि ५ सेंटीमीटर खाली मी पेनाने खुणा केल्या, शिंप्याची टेप लावली आणि त्याला वाकायला सांगितले. निरोगी तरुणात हे १५ सेंटीमीटरचे अंतर साधारणपणे २० पर्यंत किंवा त्याहून अधिक वाढते. त्याचे १७ च्या पुढे सरकेना. वाकत होते ते खुबे, कंबर जागची हलत नव्हती. पहाटे दुखण्याने जाग येते आणि उठून हिंडल्यावर बरे वाटते, हे त्याने विचारल्यावर सांगितले. संधिवाततज्ज्ञांच्या तपासणीत अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचे, म्हणजे मणक्याचे सांधे सुजून हळूहळू ताठ करणाऱ्या संधिवाताचे, निदान झाले.

शोबर या जर्मन डॉक्टरांनी १९३७ मध्ये सुचवलेली आणि मॅक्रे व राइट यांनी १९६९ मध्ये सुधारलेली ही पद्धत दोन मिनिटांत होते. मात्र टेपवरचा आकडा म्हणजे निदान नव्हे, आणि दुखणे किती आहे हेही तो सांगत नाही. उत्तम वाकणारी कंबरही रात्रभर ठणकू शकते. शिवाय झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या कंबर ताठच असते. सकाळी घेतलेल्या मापाची संध्याकाळच्या मापाशी तुलना करून ‘सुधारणा’ जाहीर करणे म्हणूनच चुकीचे आहे.

तेव्हा शिबिर भरवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की, केसपेपरवर ‘वाकणे कमी’ असे मोघम न लिहिता उभे असतानाचा आणि वाकल्यावरचा असे दोन्ही आकडे, खुणा कुठे केल्या ते आणि मापाची वेळ लिहावी, म्हणजे पुढच्या तपासणाऱ्याला त्याच जागी टेप लावता येईल.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट, सांगली