बाबा, पाचाचं पिवळं नाणं लावून बघा

कोलंबस, ओहायो
१४ जून २०२१

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इथे सगळे ठीक आहेत. शुक्रवारी फोनवर आपलं जे झालं ते पुन्हा फोनवरच निस्तरायला गेले तर बाबा "आवाज येत नाही" म्हणून फोन ठेवतील आणि आई मधल्यामध्ये डोळे पुसत बसेल. म्हणून लिहून काढलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला फाइल पाठवली आहे, अक्षर मोठं करून छापायला सांगितलंय. पैसे मी दिलेत, त्याला पुन्हा देऊ नका.

आधी माझी चूक. बाबा, "लस घेतल्यावर अंगात चुंबक येतं" म्हणत तुम्ही कॅमेऱ्यासमोर दंडाला चमचा, छातीला वाटी आणि कपाळाला नाणं चिकटवून उभे राहिलात आणि मी हसले. तोवर धाकट्या काकांच्या पोरानं तुमच्या त्या फोटोचं स्टिकर करून ग्रुपवर टाकलं होतं, त्यावरही मी हसण्याचा बाहुला टाकला. तो आता काढलाय, पण तुम्ही बघितला असणारच. आयुष्यभर सातपूरच्या कारखान्यात, मशीन शॉपमध्ये धातू हाताळलेला माणूस अंगाला चमचा का चिकटतो म्हणून विचारतोय आणि मुलगी दात काढते, हे बरं नाही झालं.

खरं सांगू? चमचा लावून बघितलात यात काही गैर नाही. टीव्हीवर एक गोष्ट सांगितली, तुम्ही घरी करून बघितली. गैर एवढंच की पहिला चमचा चिकटल्यावर तुम्ही थांबलात. शॉपमध्ये एका रीडिंगवर तुम्ही कुठला जॉब पास केला असता?

आता ही बातमी. आपल्याच नाशकातले सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, कोविशील्डचा दुसरा डोस झाल्यावर अंगाला नाणी, चमचे, भांडी चिकटतात म्हणाले आणि चॅनेलवाल्यांची रांग लागली. नाव नाही घेत, त्यांनाही आता नको झालं असेल. तुम्हाला वाटलं असेल की गावातलीच गोष्ट आहे, म्हणजे खरी असणार. पण गंमत बघा, त्याच आठवड्यात ८ जूनला इथे माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, ओहायोच्या विधिमंडळाच्या आरोग्य समितीसमोर हेच चाललं होतं. लससक्ती नको अशा एका विधेयकावर सुनावणी होती. शेरी टेनपेनी नावाच्या डॉक्टरबाईंनी आमदारांना सांगितलं की लस घेतलेल्यांच्या कपाळाला किल्ली चिकटते. मग एक नर्सबाई उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या छातीला किल्ली लावून दाखवली. चिकटली. मानेलाही चिकटते म्हणाल्या आणि लावायला गेल्या, तर किल्ली पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. सगळं कॅमेऱ्यासमोर. त्या रात्री तो व्हिडिओ बघून माझा नवरा खुर्चीवरून पडायचा बाकी होता, आणि शुक्रवारी तेच माझ्या वडिलांनी केलं. बहुधा म्हणूनच हसू आवरलं नाही.

त्या आधी महिनाभर जगभर लोक दंडाला मॅग्नेट लावून व्हिडिओ टाकत होतेच. अमेरिकेत फायझर आणि मॉडर्ना, आपल्याकडे कोविशील्ड. बनवायची रीत वेगळी, कारखाने वेगळे, आणि परिणाम मात्र सगळीकडे अगदी एकसारखा, चमचा! इथेच तुमच्या मनात शंका यायला हवी होती.

तुम्ही म्हणालात, "कोविशील्डमध्ये मॅग्नेशियम आहे, मी वाचलंय." बरोबर वाचलंत. मॅग्नेशियम क्लोराइड आहे. शिवाय हिस्टिडिन, पॉलिसॉर्बेट, थोडं अल्कोहोल, साखर, मीठ, ईडीटीए आणि पाणी. पण मॅग्नेशियमचा मॅग्नेटशी संबंध आडनावापुरता. दोघांची नावं ग्रीसमधल्या मॅग्नेशिया नावाच्या एकाच मुलखावरून पडली, एवढंच. मॅग्नेशियमच्या तुकड्याला लोहचुंबक लावा, ढिम्म हलणार नाही. आजोबा आयुष्यभर मिल्क ऑफ मॅग्नेशिया प्यायले, त्यांना कधी पळी चिकटलेली मी तरी पाहिली नाही.

आणि समजा, लस हे शुद्ध लोखंडच आहे. डोस अर्धा मिलिलिटरचा. म्हणजे वजन किती भरेल? चार ग्रॅमही नाही. तेवढं लोखंड तर मोठ्या माणसाच्या अंगात एरवीही असतं, बहुतेक रक्तातच. २०१९ मध्ये तुमच्या मणक्याचा एमआरआय काढला तेव्हा आईचं मंगळसूत्र, तुमचा पट्टा, घड्याळ सगळं बाहेर काढायला लावलं होतं, आठवतं? त्या मशिनचा मॅग्नेट फ्रिजवर चिठ्ठी लावायच्या मॅग्नेटपेक्षा शेकडो पट ताकदीचा. रक्तातलं लोखंड ओढलं जात असतं तर तुम्ही त्या बोगद्याला आतून चिकटला असता. तुम्ही तर घोरत होता. आणखी एक, सुई टोचली डाव्या दंडात. मग नाणं कपाळाला कसं?

तर आता राहिलेला प्रयोग करा. तुमच्या पत्र्याच्या पेटीत तो नालाच्या आकाराचा मॅग्नेट अजून असेल, ज्याने तुम्ही एमएसमध्ये, म्हणजे साध्या लोखंडी मालात, मिसळलेला ३०४ (मॅग्नेटला न चिकटणारं स्टेनलेस स्टील) वेगळा काढायचात. माझ्या लग्नाची भांडी घ्यायला भांडी बाजारात गेलो तेव्हाही तोच तुमच्या खिशात होता. दुकानदार तोंड वाकडं करेपर्यंत तुम्ही एकेका डब्याला लावून बघत होता आणि मला लाज वाटत होती. तो काढा. जी जी वस्तू अंगाला चिकटली, ती आधी त्या मॅग्नेटला लावा. चांगल्या स्टीलच्या वाटीला तो धरणार नाही. काठाशी, जिथे पत्रा वळवलाय तिथे किंचित ओढेल, ते का हे तुम्हीच मला सांगितलं होतं. पाच रुपयांचं पिवळं नाणं लावा. ते पितळी जातीचं, मॅग्नेट त्याला विचारणारही नाही. तुमच्या कपाळाला मात्र चिकटेल. पितळेची छोटी वाटी लावा, तीही चिकटेल. आता जी वस्तू खऱ्या मॅग्नेटला चिकटत नाही आणि तुम्हाला चिकटते, तिथे तुमच्यात काय आहे म्हणायचं? मॅग्नेटच्या वर काहीतरी?

दुसरं, आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई दोऱ्याला बांधून दंडाजवळ लोंबकळत धरा, टेकवू नका. मॅग्नेट लांबून ओढतो, शेवटचं बोटभर अंतर वस्तू स्वतःच उडी मारते. तुमच्या व्हिडिओत चमचा एकदाही उडी मारत नाही. तुम्ही तो दाबता, जरा मागे झुकता, मग हळूच हात काढता. मी तीन वेळा बघितला. मोबाइलमधलं होकायंत्र दंडाजवळ नेऊन बघा, काटा फिरतो का ते.

आणि तिसरं, अंग साबणाने धुऊन, कोरडं करून, टाल्कम पावडर लावा. मग चमचा लावा.

ही पावडरची युक्ती माझी नाही. जेम्स रँडी म्हणून एक जादूगार होता, गेल्याच ऑक्टोबरमध्ये वारला. असले "चुंबकमानव" लसीच्या कितीतरी आधीपासून आहेत. मलेशियात एक गृहस्थ इस्त्र्या अंगाला चिकटवून दाखवायचे, पोटाला लोखंडी पत्रा चिकटवून त्याला साखळी लावून गाडीसुद्धा ओढली. तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी तपासलं तर चुंबकत्व शून्य, फक्त कातडीची पकड जबरदस्त. रँडी अशांच्या अंगाला पावडर लावायला सांगायचा. पावडर लागली की चुंबकत्व संपलं! कारण चिकटवतं ते अंगावरचं तेल आणि घाम. गुळगुळीत सपाट धातू दाबला की मधली हवा निघते, ओलसर पातळ थर राहतो, आणि वस्तू हलकी असली की तेवढं पुरतं. जूनच्या नाशकात, पाऊस तोंडावर आलेला असताना, बनियन काढून बसलेल्या माणसाला घाम किती असतो ते मी सांगायला नको.

मला तर शाळेतलं आठवलं. दहा पैशाचं नागमोडी कडेचं नाणं थुंकी लावून कपाळावर दाबायचं आणि ते न पाडता कोण जास्त वेळ उभं राहतं ते बघायचं. अॅल्युमिनियमचं नाणं ते! १९८६ ला कोणती लस घेतली होती आम्ही? (शाळेत टोचायला आले तेव्हा मी संडासात लपले होते, आई, तुला आता सांगते.)

अंनिसचे हमीद दाभोलकरही हेच सांगतायत की याचा लसीशी संबंध जोडू नका. केंद्र सरकारच्या पीआयबीनेही खुलासा केलाय. पण खुलासा बातमीइतका पळत नाही. ग्रुपवर चमचा शंभरदा आला, खुलासा एकदाही नाही.

बाबा, गणपती दूध पितो म्हणून बोंब उठली तो २१ सप्टेंबर १९९५ चा गुरुवार आठवतो? गल्लीतल्या देवळाबाहेर रांग, दुधाचा भाव चढलेला, आणि तुम्ही पाळीवरून येऊन घरातल्या बाकावरच्या वाइसला, त्या लोखंडी पकडीला, चमच्याने दूध पाजलंत. वाइसही गटागटा प्यायला, दूध खालून फरशीवर ओघळलं. आई दोन दिवस बोलली नव्हती तुमच्याशी. आई, तुला अजूनही वाटतं की त्या दिवशी काहीतरी होतं. असू दे, त्यावर मी भांडत नाही, दूधच गेलं. या वेळी मात्र गोष्ट दुधाची नाही.

आई, गोष्ट आहे तुझ्या दुसऱ्या डोसची. बाबांचा चमचा बघून तू "मला नको" म्हणालीस, खरं तर हे पत्र त्यासाठीच आहे. बाबांना दुसरी सुई टोचली २० एप्रिलला. दुसऱ्याच दिवशी आपल्या गावातल्या रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली. त्या रात्री तू फोनवर काही बोलली नाहीस, नुसती श्वास घेत होतीस. मी इथून काही करू शकत नव्हते. मला भीती कसली वाटते ते मी तुला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहीत नाही. चमच्याची वाटत नाही, एवढं नक्की.

तुझा पहिला डोस २७ मार्चचा. दोन डोसांमधले ८४ दिवस १९ तारखेला, शनिवारी पुरे होतात, त्याआधी कोविन, ती लसीच्या नोंदणीची साइट, स्लॉट देणार नाही. शनिवारी सकाळपासून मी इथून बघत राहीन, ओटीपी तुझ्या फोनवर येईल, तेवढा आकडा मला कळव. आणखी कुणालाही सांगू नकोस. आधार कार्ड, पाण्याची बाटली, आणि सैल बाहीचा ब्लाउज. बीपीची गोळी चुकवू नकोस. ताप आला तर येऊ दे, बाबांना आला होता तसा एक रात्र. बाबा, तुम्ही सोबत जा, बाहेर सावलीत बसा, आणि तिथे रांगेत चमच्याचा विषय काढू नका.

पावडरचा प्रयोग त्याआधी करा. व्हिडिओ काढाल तर ग्रुपवर टाकू नका, मला पाठवा. आणि काही वेगळं निघालं, पावडर लावूनही पिवळं नाणं चिकटलं, तर तेही पाठवा, मी हसणार नाही.

बाबा, तुमच्या पुतण्याला मी बोलले आहे. स्टिकर त्याने काढलंय म्हणतो.

तुमची,
बेबी

ता. क. पिवळं नाणं गोल कडेचं हवं, नवीन. जुनं जाड पांढरं पाचाचं घ्याल तर जड पडेल, कपाळावरून घसरेल आणि मग तुम्ही म्हणाल लसीचा असर उतरला.